शेहेचाळीस किलोंच्या मॅडमची सायकल

"शेखर, वाकून बघा. हलली का रिंग?"

मी वाकलो. माझं पोट मध्ये आलं म्हणून जरा तिरका वाकलो. सायकलीच्या मधोमध मागचा शॉक असतो, म्हणजे धक्के गिळणारा, हवा भरलेला एक दांडा. त्याच्यावर बारीक रबरी रिंग असते. माणूस सीटवर बसला की दांडा आत जातो आणि रिंग सरकते. ती किती सरकली यावरून सायकल त्या माणसाच्या वजनाला किती दबते ते कळतं. साधारण पाव भाग दबायला हवी. पाटकर मॅडम सीटवर बसल्या होत्या. दोन्ही पाय पेडलवर, एक हात माझ्या वर्कशॉपच्या भिंतीला. रिंग नखाच्या जाडीइतकी सरकली होती.

"हलली," मी म्हणालो.

"किती?"

"मनाने हलली."

मॅडम हसल्या नाहीत. सीटवर बसूनच त्यांनी दोनदा उडी मारल्यासारखं केलं. सायकल ढिम्म. दगडी कट्ट्यावर चिमणी बसली तर कट्टा जेवढा दबेल, तेवढीच.

ओळख करून देतो. मृणाल पाटकर, राहणार मुलुंड, वय चव्वेचाळीस, एका बँकेत ब्रँच मॅनेजर. उंची पाच फुटांना एक इंच कमी. वजन शेहेचाळीस किलो, आणि ते त्या न विचारता सांगतात, कारण सगळा त्रासच त्या शेहेचाळीसमध्ये होता. नाद एकच, डोंगरात सायकल चालवायची. आणि मी? वाकोल्याला एका गल्लीच्या टोकाला माझं वर्कशॉप आहे. त्याआधी सतरा वर्षं अंधेरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. टूलरूम म्हणजे जिथे केसाच्या जाडीवरून माणसं एकमेकांशी बोलणं टाकतात. पुढे कारखाना दुसऱ्या राज्यात गेला. मी वाकोल्यातच राहिलो आणि सायकली बांधायला लागलो. बांधायला म्हणतो, कारण तयार सायकल मी विकत नाही. फ्रेम एकीकडून, चाकं दुसरीकडून, ब्रेक तिसरीकडून, आणि सगळं गिऱ्हाइकाच्या मापाने जुळवायचं. धंदा शिंप्याचाच, फक्त कापड कार्बनचं.

मॅडमची जुनी सायकल फुल सस्पेन्शनची होती. म्हणजे पुढे फोर्क आणि मागे शॉक, दोन्ही चाकांना धक्का खाणारी सोय. डोंगरातल्या उतारावर ही सोय म्हणजे देव. पण ह्या सायकली बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस असतो. तो पुरुष असतो, ऐंशी किलोंचा असतो आणि रोज चार अंडी खातो. आमच्या मॅडम त्याच्या अर्ध्यापेक्षा थोड्या जास्त. त्यांच्या खाली ती सायकल आपण सस्पेन्शनची आहोत हेच विसरून जायची.

वर तिचं वजन पंधरा किलो. तुम्हाला पंधरा किलो ऐकून काही वाटणार नाही. पण ते मॅडमच्या वजनाच्या एक तृतीयांश झालं. मी अठ्ठ्याऐंशी किलोंचा. त्या हिशोबाने मला कुणी भरलेला गॅस सिलिंडर दिला असता आणि म्हटलं असतं, जा, हा घेऊन डोंगर चढ आणि वर पोचल्यावर हसून फोटो काढ.

"दोन वर्षांपूर्वी इथे प्लेट बसवली," मॅडमनी डाव्या खांद्याजवळच्या हाडावर बोट ठेवलं. मग त्यांनी सगळं सांगितलं. जुन्नरच्या बाजूला डोंगरात दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास एक रेस होते. तीन फेऱ्या मारायच्या. प्रत्येक फेरीत एक उतार येतो, त्यात कातळाच्या आठ-नऊ पायऱ्या आहेत. सायकलवाले त्याला जिना म्हणतात. त्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मागचं चाक उसळलं आणि मॅडम हँडलवरून पुढे गेल्या. कॉलरबोनचे दोन तुकडे.

"घरी काय म्हणतात?" मी विचारलं.

"मिस्टर काहीच म्हणत नाहीत. मी कपाटातून हेल्मेट काढलं की ते टीव्हीचा आवाज कमी करतात." मॅडम सायकलवरून उतरल्या. "म्हणून मीच सांगून टाकलंय. ह्या वर्षी रेस पूर्ण केली तर पुढे कुणी काही बोलायचं नाही. नाही झाली तर सायकल, शूज, हेल्मेट, सगळं विकणार. शब्द दिलाय मी."

अंधेरीत त्यांना दोन दुकानांनी लहान मुलांची सायकल दाखवली होती. गुलाबी होती म्हणे.

आता मी नाटकी माणूस. असं काही ऐकलं की माझ्या अंगात येतं. मी हात पुसला, पुढे केला आणि म्हणालो, "मॅडम, फुल सस्पेन्शन, अकरा किलोंच्या आत, आणि ती तुमच्यासाठी दबेल. दसऱ्याला घेऊन जा."

मागे कुणीतरी खोकलं. ते बाळादादा. माझे मुख्य मेकॅनिक, मूळ मालवणचे, साठीच्या पुढचे. भाड्याच्या सायकलींच्या दुकानात हवा भरण्यापासून सुरुवात केलेला माणूस. चाकाची तार बोटाने छेडून, नुसत्या आवाजावरून ढिली की कडक ते सांगतात. मॅडम गेल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "अकरा किलो खंय गावतत रे तुका?"

कुठे गावतात ते सांगतो.

पहिली फ्रेम. कार्बनची, सगळ्यात लहान साइज. मागे बारा सेंटिमीटर दबणारी. जास्त दबणारी घेतली असती तर उतारावर आराम होता, पण चढावर वजन. मी तीन फ्रेमचे आकडे महिनाभर उशाशी घेऊन झोपलो. शेवटी मधली घेतली. ती सगळ्यात हलकी नव्हती. पण तिच्यात मागचं चाक शॉकला जास्त लांब तरफेने ढकलायचं, म्हणजे कमी वजनाच्या माणसालाही शॉक दाबता यायचा. घरात मी हे समजावून सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, छान, आता भाजी आण.

मग चाकं. सायकलीचं वजन कमी करायचं तर सुरुवात चाकांपासून करायची. फ्रेममधले शंभर ग्रॅम नुसते ओझं असतात. चाकाच्या कडेचे शंभर ग्रॅम तुम्हाला प्रत्येक पेडलला गरागरा फिरवावे लागतात. कार्बनच्या रिम घेतल्या, तारा बाळादादांनी ओढल्या. दोन दिवस वर्कशॉपमध्ये सतारीच्या क्लाससारखा आवाज. ट्यूब नाहीच घातली. टायरच्या आत दुधासारखं एक द्रावण सोडायचं, काटा घुसला तर ते आतूनच भोक बुजवतं. दोन ट्यूबचं वजन तिथेच गेलं.

हँडल दोन्ही बाजूंनी कापलं. मॅडमच्या खांद्यांना ते हँडल म्हणजे कावड होती. पेडलचे दांडे आखूड घेतले. ब्रेकचे लिव्हर बोटांजवळ ओढून घेतले, कारण त्यांची बोटं मी मोजली होती. हो, मोजली. व्हर्निअरने. बँक मॅनेजरची बोटं व्हर्निअरने मोजताना मला फार बरं वाटलं, कर्जाच्या वेळी बँकवाल्यांनी माझं सगळं मोजलेलं असतं. बोल्ट टायटॅनियमचे. एका बोल्टमागे चार-पाच ग्रॅम वाचतात. ह्यावर बाळादादा म्हणाले की त्यापेक्षा ताईंनी नखं कापावीत.

सगळं आलं, शॉक येईना. नेहमीचा शॉक नको होता, त्याच्यातलाच हलका प्रकार मागवला होता. तो आला दसऱ्याला दोन दिवस राहिले असताना. रेस दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, आणि मॅडम दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे निघणार. म्हणजे ट्रायलला दसऱ्याचा एकच दिवस. नवमीला दुपारी शॉक बसवला, चेन चढवली, सायकल काट्याला टांगली.

दहा किलो पाचशे ऐंशी.

मी ती एका बोटावर उचलून गल्लीत फिरलो. समोरच्या रेशन दुकानाच्या शेठने उचलली. इस्त्रीवाल्याने उचलली. भाजी घेऊन चाललेल्या एका काकूंनी उचलली आणि विचारलं, आत काही भरायचं राहिलंय का. मी म्हटलं, फक्त मॅडम भरायच्या राहिल्यात.

इथे माझी चूक झाली. ती चूक टूलरूमचा माणूसच करू शकतो, म्हणून मोकळेपणाने सांगतो. मॅडम त्या दिवशी बँकेत. पण शॉकची हवा तर त्यांच्या वजनाला सेट करायची. मी म्हटलं, वजन ते वजन. शेठकडून तीस किलोंची तांदळाची गोण आणली, तिच्यावर दहा किलोंची पिठाची पिशवी, आणि उरलेल्या सहा किलोंसाठी जुन्या चेनचा डबा. सगळं सीटवर आवळून बांधलं. बाळादादांनी सायकल धरली. हवा कमी करत करत रिंग बरोबर पाव भागावर आणली. पट्टीने मोजली. अचूक. त्या गोणीचा मी फोटो काढला आणि मॅडमना पाठवला. खाली लिहिलं, तुमची तयारी झाली. त्यांनी अंगठा पाठवला.

संध्याकाळी बाळादादांनी सगळी हत्यारं रॉकेलने धुतली, पुसली, तेल लावलं. दसऱ्याच्या सकाळी लाल कापडावर मांडली. दोन मिलिमीटरच्या ॲलन चावीपासून टॉर्क रेंचपर्यंत, वजनकाटा, शॉकचा हवेचा पंप, सगळं. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं, नारळ. आमच्या वर्कशॉपचा नियम आहे, माझ्या आधीपासून बाळादादांचा आहे. दसऱ्याला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावरच उचलायचं. वर्षभर राबतात, एक दिवस बसू दे. मला काळजी नव्हती. काम संपलं होतं.

दुपारी मॅडम आल्या. एकट्या, गाडीच्या मागे रॅक लावून. बाळादादांनी नव्या सायकलीच्या हँडलला झेंडूचा हार घातला. मी मनात म्हटलं, सव्वाशे ग्रॅम. मॅडमनी सायकल एका हाताने उचलली, खाली ठेवली, परत उचलली. तिसऱ्यांदा उचलली ती खाली ठेवलीच नाही. मी भिंतीकडे बघितलं. असे दोन-चार क्षण ह्या धंद्यात मिळतात, ते उगाच बोलून घालवायचे नसतात.

हार काढला. वर्कशॉपच्या मागे नाल्याकडे उतरणाऱ्या नऊ पायऱ्या आहेत. रुंद, कमी उंचीच्या. रेसमधल्या त्या जिन्यासारख्याच. मॅडमनी हेल्मेट घातलं आणि सोडली सायकल.

पहिली पायरी लोण्यासारखी. दुसरी बरी. तिसरीला मागचं चाक उसळलं. चौथीला मॅडमचा पाय खाली आला, सायकल आडवी झाली, त्या कशाबशा उभ्या राहिल्या. पडल्या नाहीत. पण हात गेला तो सरळ खांद्याजवळच्या त्या हाडावर.

मी धावत खाली गेलो. त्या सायकल पुसत होत्या, जिला काहीच लागलं नव्हतं.

"फार सुंदर सायकल आहे, शेखर," त्या म्हणाल्या.

मला टूलरूममध्ये साहेबांनी आईवरून शिव्या दिल्यात. एवढं लागलं नव्हतं.

आम्ही वर आलो. माझं डोकं भराभर चालायला लागलं. शॉक उघडतो, आतलं तेल बदलतो, पातळ घालतो, फोर्कची हवा बघतो. डोकं चालतं तसा माझा हात चालतो. हात लाल कापडाकडे गेला.

"शेखर," बाळादादा म्हणाले.

एवढंच. हात परत आला.

मी वाद घातला. घालणारच. मॅडम पहाटे निघणार, बाईंची दोन वर्षं पणाला, देवालासुद्धा कळतं, वगैरे. मी हात वर करून बोललो, आवाज चढवला, खाली आणला. बाळादादा स्टुलावर बसून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "हत्यार मागाहून. आधी काय बिघडला हा ता तरी तुका म्हायती आसा?"

माहीत नव्हतं. हे कबूल करायला मला पाच मिनिटं लागली.

मग त्यांनी मॅडमना विचारलं, ताई, परत एकदा जाशात काय, हळूहळू. मॅडम माझ्याकडे न बघता सायकल घेऊन गेल्या. भीती वाटत होती, ते त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं. मी पायऱ्यांच्या बाजूला उकिडवा बसलो, शॉककडे डोळे लावून. बाळादादा माझ्या मागे उभे.

"तू सायकलीकडे बघतंस," ते म्हणाले. "ताईंच्या ढोपरांकडे बघ."

बघितलं. पहिल्या पायरीला गुडघे शांत. दुसरीला हिसका. तिसरीला दोन्ही टाचा पेडलवरून उचलल्या गेल्या. मॅडम थांबल्या. आम्ही परत पाठवलं, परत तेच. पहिली, दुसरी, तिसरी. चार वेळा बघितल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि त्या उजेडात मला एक तांदळाची गोण दिसली.

काचेच्या दाराला वर तो आपोआप दार मिटणारा क्लोजर असतो, माहीत आहे ना? त्याच्यात एक स्प्रिंग असते आणि एक तेल. स्प्रिंग दार ओढते, तेल ते सावकाश येऊ देतं. शॉकचंही तसंच. हवा म्हणजे स्प्रिंग. मॅडमच्या वजनासाठी मी हवा खूप कमी केली होती, म्हणजे स्प्रिंग नाजूक. पण तेल होतं ऐंशी किलोवाल्यासाठी. पहिल्या पायरीला शॉक मस्त दबला. परत वर यायला मात्र त्याला जोरच नव्हता. तो निम्मा आला तोवर दुसरी पायरी. तिसरीला दबायला जागाच उरली नव्हती. धक्का थेट मॅडमना. गोण एका जागी बसून राहते. तिला शॉक परत आला की नाही ह्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मी हे मॅडमना सांगितलं.

"म्हणजे काउंटर एक, आणि पहिला माणूस उठायच्या आत पुढची दोन टोकनं," त्या म्हणाल्या.

बँकेतल्या लोकांना उगाच पगार देत नाहीत.

परत यायचा वेग ठरवणारं एक लाल बटण शॉकवर असतं. ते मी तक्त्याप्रमाणे मधोमध ठेवलं होतं. ते बोटाने फिरतं. पूर्ण मोकळं केलं. मॅडम गेल्या, ह्या वेळी पाचव्या पायरीपर्यंत. मग परत उसळी. रिंग बघितली तर शॉकचा शेवटचा तिसरा भाग वापरलाच गेला नव्हता. त्याचं कारण मला माहीत होतं. शॉकच्या आत प्लास्टिकचे तुकडे घालून हवेची जागा लहान केलेली असते, म्हणजे भारी माणूस जोरात आदळला तरी शॉक तळाला ठेचकाळत नाही. कंपनीतून आलेले ते तीन तुकडे मी तसेच ठेवले होते. मॅडमसाठी ते म्हणजे शेवटी उभी केलेली भिंत. ते काढायचे तर शॉकचं बाहेरचं नळकांडं उघडायला हवं.

"उघडायला पट्ट्याचा पाना लागतो," मी म्हणालो आणि कापडाकडे बघितलं. पाना नारळाच्या शेजारी बसला होता. त्याच्या कपाळाला कुंकू होतं.

बाळादादांनी आपले दोन्ही हात बघितले. उलटे, सुलटे. "हात काय हत्यार नाय. हात आपलो."

हवा सोडली. भंगारातून एक जुनी ट्यूब काढली, ती पूजेत नव्हती. नळकांड्याला तिचे घट्ट वेढे घातले. बाळादादांनी पकडलं, मी सायकल मांड्यांत दाबून धरली, मॅडमनी पुढचं चाक. पहिल्या पिळाला काही नाही. दुसऱ्याला बाळादादांच्या मानेच्या शिरा वर आल्या. तिसऱ्याला सुटलं. आतून काळे प्लास्टिकचे तीन तुकडे निघाले, बोरं असतात तेवढे. मी ते तळहातावर घेऊन उभा राहिलो. किती ग्रॅम कमी झाले ते सांगता येत नव्हतं. काटाही पूजेत होता. माझे काय हाल झाले असतील विचार करा.

नळकांडं हाताने बंद केलं. आता हवा. शॉकला साधा पंप चालत नाही, बारीक आणि जास्त दाबाचा लागतो. आमचा कापडावर. मी बाळादादांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. समोर सायकल तशीच पडलेली, हवा शून्य, आणि दसऱ्याच्या दिवशी अख्ख्या मुंबईतल्या सायकलवाल्यांचे पंप पूजेत.

"माझा चालेल?" मॅडम म्हणाल्या. "माझा आहे गाडीत. जुन्या सायकलीसाठी घेतला होता."

बाळादादांनी गंभीरपणे विचारलं, "तेची पूजा झाली हा?"

"आमच्याकडे लॅपटॉपची झाली," मॅडम म्हणाल्या. "पंप डिकीतच राहिला."

बाळादादांनी विचार केला. मी त्यांच्या पगारवाढीचं बोललो तेव्हाही त्यांनी एवढा वेळ घेतला नसेल. मग म्हणाले की जे हत्यार देवात बसलेलंच नाही, त्याला उठवण्याचा प्रश्न येत नाही. निकाल लागला. मॅडमनी स्वतःच हवा भरली, स्वतःच सीटवर बसल्या, मी रिंग बघितली. ह्या वेळी पाव भागाच्या थोडी पुढे ठेवली. फोर्कची हवा उतरवली. आणि जाता जाता टायरही दाबून बघितले. हवा मी पुरुषांच्या सवयीने भरली होती, दगडासारखी. व्हॉल्व्हवर नख ठेवून सोडली, अंगठ्याला बरं वाटेपर्यंत.

मॅडम वर गेल्या. नाल्याच्या कडेला कपडे वाळत घालणाऱ्या एक आजी थांबल्या, त्यांनी विचारलं, ही बाई परत पडणार का. मी म्हटलं, बघू या.

पहिली. दुसरी. तिसरी. गुडघे शांत. चौथी, पाचवी, सहावी. मागचं चाक प्रत्येक पायरी चाखत खाली येत होतं. नववी. मॅडम खाली उभ्या राहिल्या. मागे वळून पायऱ्या मोजल्या, बोटाने, खरंच. मग सायकल खांद्यावर टाकली, ज्या खांद्यात प्लेट होती त्याच, आणि चालत वर आल्या. परत खाली गेल्या. परत वर. पंधरा किलोंची असती तर दोनदा वर आणली असती. दहाची होती म्हणून त्या अकरा वेळा आल्या. आजींचे कपडे वाळत घालायचे राहूनच गेले.

मी बाळादादांना म्हणालो, "सकाळी उत्तरपूजा लवकर करू. तेल पातळ घातलं तर अजून मोकळी होईल." मॅडमनी ऐकलं. "शेखर, पहाटे पाचला मी निघालेली असेन," त्या म्हणाल्या. "आणि आता हिला हात लावायचा नाही."

रेसच्या दिवशी मी फोन खिशात ठेवला, मग टेबलावर, मग परत खिशात. बाळादादा एका शाळेच्या सायकलीचा ब्रेक बसवत होते आणि आपण कशाचीही वाट बघत नाही असं दाखवत होते. तो ब्रेक त्यांनी तीनदा बसवला. दुपारी तीनला फोन आला. स्पीकरवर टाकला.

"झाली पूर्ण," मॅडम म्हणाल्या. "चौदा बायकांत नववी."

"आणि जिना?"

"पहिल्या फेरीत उतरून चालत गेले. दुसऱ्या फेरीत वर थांबले, मागच्या दोघींना जाऊ दिलं, मग गेले." पलीकडे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. "तिसऱ्या फेरीत थांबले नाही."

मग त्यांनी सांगितलं की मिस्टर सकाळपासून त्या जिन्याच्या खालच्या टोकाला उभे होते. एका हातात क्रेप बँडेज, एका हातात बर्फाची पिशवी. तिसऱ्या फेरीपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं. त्या पाण्याने त्यांनी मॅडमच्या मागून आलेल्या तिघींना तोंड धुवायला दिलं. पलीकडच्या टाळ्या त्यांच्याच होत्या, शेवटची बाई येत होती तिच्यासाठी.

"काही म्हणाले?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षीची तारीख विचारली. रजा टाकायची आहे."

फोन ठेवल्यावर मी वर्कशॉपभर फिरलो. इस्त्रीवाल्याला सांगितलं, शेठला सांगितलं, ज्याला सायकलचं काही घेणं नव्हतं त्यालाही सांगितलं. दहा किलो पाचशे ऐंशी, वजा तीन बोरं. कार्बन, टायटॅनियम, व्हर्निअरने मोजलेली बोटं. मी बांधली. बाळादादा ब्रेक चौथ्यांदा तपासत म्हणाले, "आणि आंधळ्यासारखो बांधलंस." पण ते हसत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचे पुढचे दोन दात बघितले.

त्यानंतर मी एक गोष्ट शिकलो आणि धंद्यात लावली. नवी सायकल झाली की गिऱ्हाइकाला पहिला अर्धा तास ती चालवायला द्यायची, आणि त्या अर्ध्या तासात माझ्या किंवा बाळादादांच्या हातात एकही पाना असता कामा नये. हात पाठीमागे. नुसतं बघायचं. भिंतीवरच्या दरपत्रकात मी त्याला 'डायनॅमिक फिट असेसमेंट' असं नाव दिलंय. बाळादादा त्याला बघत बसणं म्हणतात. दोघांचंही बरोबर आहे. पैसे मात्र पहिल्या नावाचेच मिळतात.